१० मिलिग्रॅमसाठी ८० किलोमीटर

माझं मेडिकलचं दुकान महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणी भागात, हायवेपासून जरा आत. २७ वर्षं झाली. या २७ वर्षांत मी मॉर्फीनची एक गोळीही विकलेली नाही. मागणारे येत नाहीत असं नाही. वर्षाकाठी दोन-चार जण येतातच. मिरजेच्या नाहीतर कोल्हापूरच्या डॉक्टरची चार घड्या घातलेली चिठ्ठी खिशातून काढतात, काउंटरवर तळव्यानं सरळ करतात आणि माझ्या तोंडाकडं बघत राहतात. मी वाचतो आणि परत देतो. "हे आमच्याकडं नसतंय." पूर्वी मी त्याला आणखी एक वाक्य जोडायचो, "आणि जपून बरं का, अफूचं असतंय ते." हे वाक्य मी का जोडतो, कुणासाठी जोडतो, याचा विचार आत्या अंथरुणाला खिळेपर्यंत केला नव्हता.

आत्यानं उभ्या जन्मात विड्या वळल्या आणि रोज सकाळी मिसरी लावली. आमच्याकडं यात नवल नाही. तंबाखूवर हा भाग उभा राहिला, वखारी उठल्या, पोरं शिकली, आणि त्याच तंबाखूनं घरटी एकेक गाल पोखरला. तिचं गालाच्या आत झालं होतं. बेळगाव झालं, मिरज झाली, ऑपरेशन झालं, किरणं झाली. आठ महिन्यांनी गाठ परत आली तेव्हा डॉक्टरांनी आतेभावाला बाजूला घेऊन "आता घरीच ठेवा" म्हणून सांगितलं. घरी ठेवा म्हणजे काय करा, हे मात्र कुणी सांगितलं नाही. कागदावर पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक आणि ट्रॅमाडॉल होतं.

रात्री मी जाऊन बसायचो. आत्याजवळ पाण्याचं पातेलं आणि त्यात बुडवलेल्या स्टीलच्या दोन वाट्या. एक वाटी गालाला लावायची, ती तापली की पातेल्यात टाकायची आणि दुसरी घ्यायची. पहाटेपर्यंत तेवढाच आवाज, वाटी पातेल्याला लागल्याचा. माझ्या दुकानात तेव्हा शंभर तऱ्हेच्या दुखण्याच्या गोळ्या होत्या. आत्याच्या कामाची एक नव्हती.

ट्रॅमाडॉलला वरची मर्यादा असते. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या पुढं गेलं की फिट यायची भीती. डायक्लोफेनॅक वाढवलं तर पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते. म्हणजे ज्या गोळ्या मी रोज निर्धास्तपणे पुड्या बांधून देतो, त्या आत्याला आणखी देणं धोक्याचं होतं. आणि जिच्या नावानं आम्ही सगळे दचकतो ती गोळी तिच्यासाठी रास्त होती, कारण मॉर्फीनला असा ठरलेला कळस नाही. दुखणं वाढेल तसा डोस बेतानं वाढवता येतो, बाधा दिसली की थांबवता येतो. आपण भिण्यात फार मोठी चूक करतो आहोत, हे मला त्या पातेल्याशेजारी बसून कळलं. मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. मॉर्फीनची भीती बाळगावी, जरूर बाळगावी. पण ती जिथं हवी तिथं नाही आणि जिथं नको तिथं ठासून भरली आहे. याची किंमत मोजतात तालुक्याच्या गावातले मरणाला टेकलेले लोक, आणि सीमाभागात तर ती दुप्पट मोजतात.

भीती जुनी आहे. आमच्या आजीच्या पिढीत शेतावर जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूचा कण चाटवायच्या, म्हणजे ते झोपून राही. त्यातली काही बाळं उठली नाहीत, हेही घरोघरी ठाऊक होतं. "अफूची गोळी" हा शब्द मराठीत भूल पाडणाऱ्या कुठल्याही गोष्टीला वापरतात, भाषणाला आणि सीरियललासुद्धा. आणि तरी दिवाळीत अनारशावर जी खसखस थापतो ती त्याच झाडाची, त्याच बोंडातली. बोंडाला चीर दिली की जो चीक येतो तो अफू, आणि बोंड वाळल्यावर आत खुळखुळतं ते बी म्हणजे खसखस. १८०५ च्या सुमारास जर्मनीतल्या एका औषध दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिश सर्ट्युर्नर नावाच्या तरुणानं त्या चिकातून शुद्ध द्रव्य वेगळं काढलं आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याला नाव दिलं. औषध दुकानदारानंच शोधलेलं औषध औषध दुकानातच मिळू नये, याचं मला जरा व्यावसायिक वाईट वाटतं.

भीतीला कायद्याचं बळ मिळालं १९८५ साली. नार्कोटिक, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा आला, हेतू रास्त होता, शिक्षा जबर होत्या. कारकुनी चूक झाली तरी दहा वर्षं आत जाऊ, या धास्तीनं इस्पितळांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. परवाने एक-दोन नव्हते, ते वेगवेगळ्या खात्यांचे, आणि एकाची मुदत दुसरा हाती येईपर्यंत संपायची. परिणाम असा झाला की पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ साली अख्ख्या देशानं मिळून वापरलं ते जेमतेम १८ किलो. आमच्याकडं तंबाखूचं पोतंसुद्धा याहून जड असतं. गंमत अशी की मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर अफूचं पीक निघतं, नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत, आपण जगाला अफू निर्यात करतो. दुसऱ्यांची दुखणी थांबवणारा देश आपला.

२०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं एक हिशेब मांडला. गंभीर आजारानं तळमळणाऱ्या प्रत्येक गरजू रुग्णामागं वर्षाला किती मॉर्फीन किंवा त्या जातीचं औषध उपलब्ध होतं? अमेरिकेत ५५,७०० मिलिग्रॅम. भारतात ४३. मी दुकानदार माणूस, मला मिलिग्रॅमचे हिशेब गोळ्यांत कळतात. ४३ मिलिग्रॅम म्हणजे दहाच्या चार गोळ्या आणि वर थोडा चुरा. दर चार तासांनी एक गोळी घेणाऱ्या माणसाला हे एक दिवसही पुरत नाही, आणि हा वर्षाचा कोटा.

अमेरिकेचा आकडा बघून कुणी हेवा करू नये. तिथं दुसऱ्या टोकाला गेले. १९९६ साली मॉर्फीनच्याच जातीच्या ऑक्सिकोडोनची एक दीर्घकाळ चालणारी गोळी बाजारात आली, कंपनीनं व्यसनाचा धोका कमी सांगून ती खपवली, कंबरदुखी-गुडघेदुखीवाल्यांनाही ती मिळू लागली. पुढं लोक हेरॉइनकडं आणि तिथून बेकायदा फेंटानिलकडं वळले. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत तिथं या जातीच्या पदार्थांनी ८० हजारांवर माणसं मेली. आपल्याकडं मॉर्फीनचा विषय काढला की शिकलेली माणसं लगेच हे उदाहरण फेकतात. उदाहरण खरं आहे, पण ते सांगतं वेगळंच. तिथं गोळी विकायला एमआर, म्हणजे औषध कंपनीचे प्रतिनिधी, दारोदार फिरत होते. माझ्या दुकानात २७ वर्षांत मॉर्फीनची जाहिरात करायला एकही एमआर आलेला नाही. काही रुपयांची गोळी, तिच्यात कुणाचं कमिशन बसणार?

आणि आता सीमाभागाची गोष्ट, जिच्यामुळं मी हा लेख लिहायला बसलो.

इथला रुग्ण कुठं जातो हे सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं ठरवलेलं नाही, एसटी आणि कर्नाटकच्या सरकारी गाड्यांनी ठरवलं आहे. खानापूरचा माणूस बेळगावला जातो. निपाणीचा कोल्हापूरला, कारण कोल्हापूर ४० किलोमीटर आणि बेळगाव ७५. अथणी-कागवाडचा मिरजेला, मग तो घरी मराठी बोलत असो की कन्नड. मिरज ही शंभर वर्षांहून अधिक काळ या टापूची दवाखान्याची पेठ आहे. म्हणजे ऑपरेशन एका राज्यात आणि अंथरूण दुसऱ्या राज्यात, ही इथली रीतच. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटक सरकारनं हरकत घेतली, दोन्हीकडच्या पेपरांची पानंच्या पानं भरली. मी तेव्हा महाराष्ट्र एकीकरण समितीच्या बाजूनं तावातावानं बोलत होतो. पण अशा योजना पैसे देतात ते ऑपरेशनचे, किरणांचे, इस्पितळातल्या खाटेचे. घरी आणलेल्या माणसाचं रात्री दोन वाजता काय करायचं, हा प्रश्न ना इकडच्या योजनेत आहे ना तिकडच्या. भांडणारे दोघं ज्या गोष्टीसाठी भांडत होते तिच्यात आत्या नव्हतीच.

पण एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही, आणि मलाही ती धंद्यात असून उशिरा कळली. २०१४ साली नार्कोटिक कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन अशी सहा औषधं 'अत्यावश्यक' म्हणून वेगळी काढली आणि त्यांचे नियम राज्यांच्या हातून काढून केंद्रानं स्वतःकडं घेतले. २०१५ मध्ये ते नियम निघाले. ते सगळ्या देशाला एकच. आता इस्पितळाला ढीगभर परवाने लागत नाहीत. वेदना-उपशमनाचं प्रशिक्षण घेतलेला निदान एक डॉक्टर हवा, मग राज्याचे औषध नियंत्रक त्या इस्पितळाला मान्यताप्राप्त संस्था म्हणून मंजुरी देतात. साठ्याची नोंद ठेवायची, वर्षाचा हिशेब द्यायचा, संपलं. आणि चिठ्ठीवर रीतसर मिळालेलं औषध रुग्णाला स्वतःसाठी जवळ बाळगता येतं. कोगनोळीच्या नाक्यावर कुणी पिशवी उघडली तरी चिठ्ठी दाखवली की झालं. सत्तर वर्षांच्या सीमावादात दोन्ही राज्यांना अगदी एकाच ओळीत उभं करणारा असा कायदा झाला, आणि त्याचा फायदा घ्यायला दोन्हीकडचं कुणी पुढं येत नाही. सीमाप्रश्न एका गोळीपुरता तरी मिटला आहे, असं मी समितीच्या बैठकीत म्हणालो तेव्हा लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

मग अडलं कुठं? जवळच्या सरकारी दवाखान्यात मी स्वतः विचारायला गेलो होतो. कुठला ते सांगत नाही, कारण तिथले डॉक्टर भले आहेत, शंभर पेशंटांच्या रांगेत त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "ठेवायला हरकत नाही हो, पण चार गोळ्या कमी भरल्या तर चौकशी माझी लागणार. ठेवल्याच नाहीत तर कुणी विचारत नाही." यात त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. न दिलेल्या औषधाची चौकशी आपल्याकडं कधीच लागत नाही. कुठल्याही रजिस्टरात "आज अमुक माणूस रात्रभर ओरडला" असा रकाना नसतो.

आत्याला शेवटी कोल्हापूरच्या बाजूला एका केंद्रात मॉर्फीन मिळालं. आतेभाऊ घेऊन आला आणि दोन दिवस कपाटात ठेवून गप्प बसला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "दादा, हे सुरू केलं म्हंजे आई संपली असंच धरायचं न्हवं?" शेजारचे एक काका तर ओसरीवर येऊन म्हणाले, "म्हातारीला नशेत ठेवून मारताय व्हय रे?" ही समजूत सगळीकडं आहे, आणि तिला कारणही आहे. आपल्याकडं मॉर्फीन इतकं उशिरा मिळतं की ते सुरू झालं आणि माणूस गेला, असं लोकांना खरंच दिसतं.

दहाची अर्धी गोळी, दर चार तासांनी. पहिले दोन दिवस आत्या पेंगत होती आणि दोनदा ओकली. उलटीची गोळी सोबत दिलेलीच होती. ही मळमळ बहुधा आठवडाभरात ओसरते, गुंगी तर बऱ्याचदा दोन-तीन दिवसांतच. पुष्कळ घरी याच दोन दिवसांत घाबरून गोळी बंद करतात. चौथ्या दिवशी डोस पुरी गोळी झाला, आणि त्या संध्याकाळी मी गेलो तर आत्या भिंतीला टेकून बसलेली, सुनेला विचारत होती, तुळशीला पाणी घातलं होतंस का, आणि ताक एवढं आंबट कसं झालं. गुंगीतलं माणूस सुनेच्या चुका काढत नाही. वाट्या फळीवर गेल्या होत्या.

सगळं गोड झालं असं नाही. सहाव्या दिवशी पोट फुगलं. मॉर्फीन आतड्याची हालचाल मंद करतं, आणि मळमळ-गुंगी जशी सरते तशी ही बद्धता सरत नाही. गोळी आहे तोवर ती आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध सोबत हवं, बिसाकोडिल किंवा सोनामुखीच्या जातीचं, आतड्याला ढकलणारं. ते केंद्रातून आलेल्या पुडक्यात होतंही. पण आत्यानं "मला नाही त्या गोळ्या मानवत" म्हटलं आणि मी शहाणा, दुकानातून इसबगोल नेऊन दिला. आपल्याकडं पोट साफ होत नाही म्हटलं की हात इसबगोलकडंच जातो. पाणी कमी पिणाऱ्या, आतडं मंदावलेल्या माणसात तो आत फुगून बसतो आणि घोटाळा वाढवतो. २७ वर्षं औषधं विकणाऱ्या माणसाची ही चूक. दोन दिवस तिला दुखलं ते माझ्यामुळं, गालामुळं नव्हे.

तोंड कोरडं पडतं, कुणाला अंगाला खाज सुटते, काही पुरुषांना लघवी अडते. किडनी कमजोर असेल तर औषधाचे अंश शरीरात साठत जातात, म्हणून डोस कमी नाहीतर औषधच बदलावं लागतं. सगळ्यात मोठी भीती श्वासाची, आणि ती खोटी नाही. डोस एकदम जास्त गेला, किंवा त्यावर झोपेची गोळी अथवा दारू गेली, तर माणूस आधी गाढ गुंगीत जातो, बुबुळाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि श्वास मंदावत थांबू शकतो. नॅलॉक्सोन नावाचं उलटं औषध असतं, पण त्यासाठी कुणीतरी वेळेत ओळखावं लागतं. मात्र थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवलं, घड्याळ बघून दिलं, तर श्वास थांबण्याचा प्रसंग क्वचितच येतो. उलट शेवटच्या आजारात धाप लागलेल्या माणसाला याच औषधाचा लहान डोस धाप कमी व्हायला देतात.

आणि व्यसन. इथं आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. काही आठवडे मॉर्फीन घेतलेल्या शरीराला त्याची सवय होते. ते अचानक तोडलं तर जांभया, नाक गळणं, अंग मोडून येणं, जुलाब, हे होणारच. म्हणून ते टप्प्याटप्प्यानं उतरवतात. पण शरीराची सवय म्हणजे व्यसन नव्हे. व्यसन म्हणजे दुखत नसतानाही हवंसं वाटणं, त्यापायी घर विकणं. कॅन्सरच्या दुखण्यासाठी देखरेखीखाली घेणाऱ्यांत हे कमी दिसतं. आत्या तर गोळीची वेळ झाली की म्हणायची, "परत आणली का ती कडू?" मात्र वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीला, गुडघ्याला, अंग दुखतंय म्हणून हे औषध मागणाऱ्याला मी हात जोडीन. तिथं धोका खरा आहे. अमेरिका तिथंच घसरली.

दुरुपयोग होईल, ही हरकत दुकानदाराला कुणी सांगायला नको. काउंटरवर काय चालतं ते मी बघतो. २०१८ च्या एप्रिलात ट्रॅमाडॉल नार्कोटिक कायद्याखाली आलं. त्यानंतर माझ्याकडं त्याच जातीचं टॅपेंटाडॉल मागणारी पोरं दिसायला लागली, चिठ्ठीशिवाय, दहाच्या दहा स्ट्रिप एकदम. २०२५ च्या फेब्रुवारीत टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल मिळून केलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जातात हे उघड झालं, तेव्हा केंद्रानं त्यांचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. त्या कारखान्यातून निघत होत्या, पेटीच्या पेटी. ज्या इस्पितळात गोळी मोजून येते, मोजून जाते आणि रजिस्टरात नाव-गाव-सही लागते, तिथून नशाबाजार भरत नाही. असलाच तर तो माझ्यासारख्यांच्या काउंटरवरून भरतो, हे मान खाली घालून लिहितो. कडकपणा करायचाच तर इथं या. एच-१ चं, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या ठराविक औषधांच्या नोंदीचं, रजिस्टर उघडून बघा, किती दुकानांत ते महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेलं असतं.

आता भाषा. सीमाभागात भाषेचं नाव काढलं की माणूस छाती काढतो, पण मला इथं अस्मितेबद्दल बोलायचं नाही, मिलिग्रॅमबद्दल बोलायचं आहे.

एका सकाळी रायबागकडचा एक पोरगा मोटरसायकलवरून दुकानात धापा टाकत आला. बहिणीच्या घरी, आमच्या गल्लीत, वडिलांना आणलं होतं. "अप्पा एळवल्लरु," वडील उठेनात. मी मागोमाग गेलो. घशाचा कॅन्सर, नाकातून नळी, श्वास मिनिटाला सात-आठ. उशाशी मॉर्फीनची पाकिटं. दोन तऱ्हेच्या गोळ्या होत्या, एक साधी, चार तासांची, नळीतून देण्यासाठी आणि दुसरी बारा तास हळूहळू सुटणारी, जुनी, नळी घालायच्या आधीची. पोरानं दुसरी कुटून, पाण्यात कालवून नळीतून दिली होती. बारा तासांचं औषध एकदम पोटात. ही गोळी कधीही कुटायची नाही, चावायचीसुद्धा नाही, असं कागदावर छापलेलं होतं. मराठीत आणि इंग्रजीत. पोरगा कन्नड शाळेत शिकलेला. त्यानं कागद जपून ठेवला होता, पण तो त्याला वाचता येत नव्हता. सुदैवानं इस्पितळ गाठलं, म्हातारा वाचला. हाच प्रकार बेळगावच्या कन्नड कागदावर आमच्या मराठी आयाबायांचा होतो, आणि आपण त्या वेळी मराठी परिपत्रकासाठी मोर्चा काढतो तो बरोबरच काढतो. मग इकडच्या कन्नड माणसाच्या कागदासाठीही दोन पावलं चालायला काय हरकत आहे? फेंटानिलच्या पट्टीचंही तेच. गिळता येत नाही त्यांना ती लावतात, तीन दिवसांनी बदलायची असते, मॉर्फीनच्या पन्नास ते शंभर पट तेज. दुखतंय म्हटल्यावर आपल्याकडं गरम पाण्याच्या पिशवीनं शेकतात. पट्टीवर शेक दिला की औषध भराभर शरीरात उतरतं. "पट्टीवर शेकू नये" हे तीन शब्द घरात जी भाषा बोलतात त्या भाषेत नसतील तर ते नसल्यातच जमा.

आणि दुखणं सांगायलाही स्वतःचीच भाषा लागते. आत्या म्हणायची "ठसठसतंय", कधी "कळ मारतीया", आणि शेवटी शेवटी "कानापासनं आग निघतीया, मुंग्या धावत्यात". पहिल्या दोन तक्रारींवर मॉर्फीन चाललं. आग आणि मुंग्या म्हणजे नस दुखावलेली, तिथं नुसतं मॉर्फीन वाढवून भागत नाही, अमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारखं दुसरं औषध जोडावं लागतं. तिकडं कन्नडमध्येही 'ब्यानी' म्हणजे दुखणं वेगळं आणि 'उरि' म्हणजे आग वेगळी. डॉक्टर दुभाष्यामार्फत विचारतो तेव्हा दोन्हीकडून एकच उत्तर येतं, "पेन आहे."

मागणं फार मोठं नाही. २०१२ पासून केंद्राचा उपशामक, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या, सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर असा फलक लावलेल्या केंद्रांच्या बारा सेवांच्या यादीत म्हाताऱ्यांची आणि उपशामक सेवा आहे. केरळात कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टरांनी सुरुवात केली आणि आज तिथं पंचायतीची नर्स घरी येऊन मॉर्फीनचा डोस बघून जाते. आज त्यांना लागू आहे तोच कायदा आपल्यालाही आहे. आपल्याकडं निपाणी, चिक्कोडी, खानापूर, अथणी अशा प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर आणि एक नर्स प्रशिक्षित करा, मान्यता घ्या, दहा मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या ठेवा, कुलपात ठेवा, मोजा. मिरज-कोल्हापूरची चिठ्ठी आली तर तिच्यावरून रुग्णाला तिथंच तपासून पुढचा पुरवठा द्या. कागद दोन्ही भाषांत छापा. महाराष्ट्र सरकारला सीमाभागासाठी काही करायचंच असेल तर हे प्रशिक्षण मिरजेत ठेवावं आणि कर्नाटकच्या डॉक्टरांना बोलवावं. यावर कुणी हरकत घेतली तर मला ती हरकत वाचायला आवडेल.

आत्या अकरा आठवडे काढून गेली. झोपेत नव्हे, जागेपणी, तुळशीबद्दल बोलून झाल्यावर. डब्यात १४ गोळ्या उरल्या होत्या. कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून दिवस झाल्यावर मी त्या परत द्यायला कोल्हापूरच्या त्या केंद्रात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पाकीट उघडून गोळ्या एका ताटलीत ओतल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या, रजिस्टरात लिहिलं, माझी सही घेतली. मग पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "निपाणीकडचे का तुम्ही? दर आठवड्याला एवढं यायचात? तिकडं एवढी मेडिकल दुकानं आहेत की."

"आहेत," मी म्हटलं. "त्यातलं एक माझं आहे."